दोनशे आठ रुपयांत किती वाचता येतं?

आधी एक भागाकार करू. प्रौढांना साक्षर करण्याचा केंद्र सरकारचा सध्याचा कार्यक्रम, कागदोपत्री ‘नवभारत साक्षरता’ आणि बोलण्यात ‘उल्लास’, २०२२ ते २०२७ अशा पाच वर्षांचा आहे. तरतूद १,०३७.९० कोटी रुपयांची. त्यातले ७०० कोटी केंद्राचे, ३३७.९० कोटी राज्यांचे. उद्दिष्ट पाच कोटी माणसांचं. पैशाला माणसांनी भागलं की उत्तर येतं २०७ रुपये ५८ पैसे. दोनशे आठ धरू. हा वर्षाचा खर्च नव्हे. एका माणसाच्या नावे पाच वर्षांत मिळून ठेवलेली ही सगळी रक्कम.

आता दुसरा आकडा. २००५ साली ‘ॲक्शनएड’ आणि ‘ग्लोबल कॅम्पेन फॉर एज्युकेशन’ यांनी ३५ देशांतले ६७ प्रौढ साक्षरता कार्यक्रम पाहिले आणि जे चांगले चालले होते त्यांत समान काय आहे ते काढलं. त्यातून बारा निकष निघाले. शिकवणाऱ्याला मानधन हवं, आणि ते तासांच्या हिशेबाने किमान प्राथमिक शिक्षकाइतकं. वर्गात तीसपेक्षा जास्त माणसं नकोत. पंधरा वर्गांमागे एक पर्यवेक्षक, आणि त्याने महिन्यातून एकदा तरी वर्गावर जायचं. अशा कार्यक्रमाचा खर्च त्यांनी काढला तो माणशी वर्षाला ५० ते १०० डॉलर, आणि तोही किमान तीन वर्षं. तेव्हा डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे वर्षाला २,२०० ते ४,४०० रुपये, तीन वर्षांचे कमीत कमी ६,६००. आपले दोनशे आठ त्याच्या जेमतेम तीन टक्के भरतात. मधली महागाई धरलीच नाही.

यावर लगेच नाक मुरडायचं कारण नाही. ‘उल्लास’ स्वयंसेवकांवर चालतो. शिकवणाऱ्याला मानधन नाही, वर्ग शाळेच्या खोलीत नाहीतर कुणाच्या ओटीवर, साहित्य मोबाइलवर. म्हणून दोनशे आठ हा नोंदवलेला खर्च आहे. उरलेला खर्च शेजारच्या दहावीतल्या पोरीच्या संध्याकाळीत आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींच्या रविवारात दडलेला आहे. त्याची पावती कुणी फाडत नाही इतकंच. पण तीसचा वर्ग, महिन्याची भेट, हातात पडणारं मानधन हे निकष ज्यासाठी होते, ती गोष्ट म्हणजे दर्जा, आणि तो या हिशेबात कुठे बसतो हे शोधावं लागतं.

शोधायला मी एका मार्चमधल्या रविवारी एका शाळेत गेलो होतो. ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी’ होती. दिवसभरात आपल्या सोयीने यायचं, तीन तास बसायचं. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, एकूण १५० गुण, आणि उत्तीर्ण व्हायला प्रत्येक भागात ३३ टक्के. चौथीच्या बाकांवर गुडघे वर काढून बसलेल्या बायका, दोघी-तिघींत एक चष्मा, दारात नातवंडं. साठीच्या एक मावशी पेपर संपवून बाहेर आल्या. आपलं नाव, गाव, नवऱ्याचं नाव ठसठशीत लिहून आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून विजेचं बिल काढलं आणि माझ्यापुढे धरलं. “सर, ह्यात आकडे तीन. नेमका कुठला भरायचा?”

बिलावर खरंच तीन आकडे होते. एका तारखेपर्यंत भरलं तर थोडी सवलत, दुसऱ्या तारखेपर्यंत मूळ रक्कम, त्यानंतर दंडासह. तीनही आकडे मावशींना वाचता आले. ८२० त्यांनी मला मोठ्याने वाचूनही दाखवला. अडलं होतं ते आजची तारीख कुठल्या रकान्यात बसते यावर. त्या परीक्षेत पास होणार होत्या, याबद्दल मला शंका नव्हती आणि आजही नाही. तरी बिल अडलंच.

साक्षर कुणाला म्हणायचं याच्या आपल्याकडे निदान तीन चाळण्या आहेत आणि प्रत्येकीतून वेगळी माणसं खाली पडतात. जनगणनेची चाळणी सगळ्यांत मोठ्या भोकांची: सात वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं, ती साक्षर. पण हे तपासत कुणी नाही. प्रगणक विचारतो, घरातलं कुणीतरी सांगतं, तो खूण करतो. २०११ मध्ये या रीतीने देश सुमारे ७३ टक्के साक्षर निघाला आणि महाराष्ट्र ८२.३४ टक्के. दुसरी चाळणी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची. तिथे नववी किंवा त्यापुढे न गेलेल्या माणसाच्या हातात एक कार्ड देतात, त्यावरचं साधं वाक्य वाचायला सांगतात. वाक्याचा काही भाग वाचला तरी चालतं. २०१९ ते २१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ७१.५ टक्के स्त्रिया आणि ८४.४ टक्के पुरुष यातून साक्षर ठरले. ही तुलनेने तरुण माणसं आहेत हे लक्षात ठेवायचं, साठीच्या मावशी यात नाहीतच. तिसरी चाळणी ‘उल्लास’ची दीडशे गुणांची.

या तीन चाळण्यांच्या जोडीला एक वजाबाकी आहे, आणि ती मला फार गमतीची वाटते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १५ वर्षांवरचे निरक्षर होते २५.७६ कोटी, ९.०८ कोटी पुरुष, १६.६८ कोटी स्त्रिया. २००९ ते २०१८ या काळात ‘साक्षर भारत’ योजनेत ७.६४ कोटी लोकांना प्रमाणपत्रं मिळाली. मग सरकारी कागदांत लिहिलं गेलं की आता सुमारे १८.१२ कोटी निरक्षर उरले. पंचवीस शहात्तरातून सात चौसष्ट गेले, अठरा बारा राहिले. पाटीवर हिशेब बरोबर आहे. पण या वजाबाकीत त्या वर्षांत कुणी म्हातारं माणूस वारलं नाही, शाळा सोडलेलं कुणी पोर पंधरा वर्षांचं झालं नाही, आणि प्रमाणपत्र मिळालेलं कुणीही पुन्हा अक्षरं विसरलं नाही.

विसरण्याचा अनुभव तर महाराष्ट्राला जुना आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. सगळं गाव एकदम साक्षर करायचं, मग ग्रामगौरव समारंभ, ग्रामदैवताच्या साक्षीने शपथ. उत्साह अस्सल होता. पण समारंभ झाला की वर्ग थांबायचे, आणि वाचायला घरात काही नसलं की अक्षरं हातातून जायची. गुळाची ढेप मोजून ठेवली आणि पावसाळ्यात उघडून पाहिलीच नाही, असं काहीसं ते झालं.

मग बाहेरच्या देशांशी हातमिळवणी करून यात काय सुधारतं? आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परिषदा येतात, आणि परिषदांना तोटा नाही. युनेस्कोची प्रौढ शिक्षणाची जागतिक परिषद साधारण बारा-तेरा वर्षांनी भरते: १९४९ मध्ये डेन्मार्कमधलं एल्सिनोर, मग माँट्रियल, टोकियो, पॅरिस, हॅम्बुर्ग, बेलेम आणि २०२२ मध्ये माराकेश. त्यांतून ठराव आणि जाहीरनामे निघाले. तिथल्या ठरावांपेक्षा त्यांच्यामागून आलेल्या मोजणीचं मोल मला जास्त वाटतं. बेलेमनंतर देशोदेशींचे अहवाल नियमित मागवले जाऊ लागले. २०१९ च्या जागतिक अहवालासाठी १५९ देशांनी माहिती दिली. जवळपास एक तृतीयांश देशांत पंधरा वर्षांवरच्या लोकांपैकी पाच टक्केही कुठल्या प्रौढ शिक्षणात नव्हते. १९ टक्के देश शिक्षणाच्या खर्चातला अर्धा टक्काही यावर खर्चत नव्हते. २०२२ च्या अहवालात २४ टक्के देशांनी कबूल केलं की ग्रामीण लोकांचा सहभाग उलट घटला. दर्जाबद्दल विचारलं तेव्हा मात्र बहुतेक देशांनी ‘सुधारला’ असंच कळवलं. आपली उत्तरपत्रिका आपणच तपासायची म्हटल्यावर गुण चांगलेच पडणार.

ती उत्तरपत्रिका दुसऱ्याने तपासली तर काय होतं, याचं पहिलं मोठं उदाहरण साठ वर्षांपूर्वीचं आहे. १९६५ च्या सप्टेंबरात तेहरानला शिक्षणमंत्र्यांची निरक्षरतेवर परिषद भरली. ८ सप्टेंबर हा साक्षरता दिन तिथूनच आला. त्या परिषदेतून ‘प्रायोगिक जागतिक साक्षरता कार्यक्रम’ जन्मला. १९६७ ते १९७३, अकरा देश, त्यात भारतही. कल्पना त्या काळाला साजेशी होती. नुसती अक्षरं नकोत, कामाची साक्षरता हवी. आपल्याकडे ती शेतीशी जोडली गेली. ज्या जिल्ह्यांत संकरित, जास्त उत्पन्न देणारं बियाणं आलं होतं, तिथल्या शेतकऱ्याला खताच्या गोणीवरचं वाचता यावं, फवारणीचं प्रमाण कळावं.

अकरा देशांत मिळून सुमारे दहा लाख माणसं वर्गात आली. साक्षर ठरली सुमारे एक लाख वीस हजार. शंभरात बारा. युनेस्कोने आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मिळून १९७६ मध्ये या प्रयोगाचं कठोर परीक्षण छापलं. आपल्याच कार्यक्रमाचे वाभाडे आपल्याच नावाने काढायचे, हे सरकारी-निमसरकारी जगात फार थोड्यांदा घडतं. एकट्या देशाने चालवला असता तर दहा लाखांचा आकडा वर राहिला असता आणि बाराचा आकडा कपाटात गेला असता, असं मला वाटतं. अकरा देशांना एकच तक्ता भरायचा होता, म्हणून वर्गात आलेले आणि शिकून गेलेले असे दोन वेगळे रकाने झाले.

तो तक्ता पुढे फार लांब गेला. १९९४ मध्ये कॅनडा, अमेरिका आणि काही युरोपीय देशांनी एकत्र येऊन प्रौढांच्या साक्षरतेची पहिली आंतरराष्ट्रीय पाहणी केली. साक्षर की निरक्षर हा प्रश्नच तिने काढून टाकला. घरी जाऊन माणसाला औषधाची चिठ्ठी, बसचं वेळापत्रक, वर्तमानपत्रातली बातमी अशा गोष्टी दाखवायच्या, त्यावर प्रश्न विचारायचे आणि गुणांवरून पातळी ठरवायची. निकाल आले तेव्हा फ्रान्समध्ये सुमारे पंचाहत्तर टक्के प्रौढ खालच्या दोन पातळ्यांवर निघाले. फ्रान्सने तुलनाच सदोष आहे म्हणत १९९५ मध्ये आपले आकडे मागे घेतले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होतं. भाषांतर, नमुना निवडणं, घरोघरी मुलाखत घेण्याची रीत, सगळीकडे फटी होत्या. पण त्या भांडणातून पुढची पाहणी पक्की झाली. आधी मूळ प्रश्नाचं दोन भाषांतरकारांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, मग तिसऱ्याने ती जुळवायची, अशा तपासण्या आल्या. २०१२ मध्ये फ्रान्स परत आला आणि २६२ गुण घेऊन गप्प बसला.

ही पुढची पाहणी म्हणजे ओईसीडी या संघटनेची प्रौढ कौशल्य पाहणी, लघुनाम ‘पियाक’. वय १६ ते ६५, गुण शून्य ते पाचशे. तिचा दुसरा फेरा २०२२-२३ मध्ये झाला, निकाल १० डिसेंबर २०२४ ला आले. ३१ देश आणि प्रदेश, सुमारे १ लाख ६० हजार माणसं. वाचनात फिनलंड २९६, जपान २८९, स्वीडन २८४, नॉर्वे २८१, नेदरलँड्स २७९. सरासरी २६०. तळाला चिले २१८. या यादीपेक्षा मला तिची खालची बाजू महत्त्वाची वाटते. या श्रीमंत देशांतही २६ टक्के प्रौढ वाचनात पहिल्या पातळीवर किंवा तिच्याखाली आहेत.

पहिली पातळी म्हणजे काय ते एका उघड झालेल्या नमुना प्रश्नावरून कळतं. बालवाडीच्या नियमांची एक छोटी यादी असते. मुलाला अमुक वेळेपर्यंत आणा, खाऊ काय द्यायचा, बरोबर काय पाठवायचं, वगैरे. प्रश्न एवढाच: मुलांनी जास्तीत जास्त किती वाजेपर्यंत पोचायला हवं? यादीत उत्तर समोर लिहिलेलं असतं, ते शोधून काढायचं. मावशींचं बिल माझ्या अंदाजाने याच्या एक पायरी वर असेल, कारण तिथे दोन गोष्टी जुळवायच्या होत्या, आजची तारीख आणि रकाना. म्हणजे मावशी जिथे अडल्या, तिथे अडणारी माणसं अमेरिकेत आणि फ्रान्समध्येही कोटींनी आहेत, फक्त त्यांच्याकडे शाळेचा दाखला आहे. अमेरिकेचा आकडा तर अंगावर येतो. पहिल्या पातळीवर किंवा खाली असलेले २०१७ मध्ये १९ टक्के होते, २०२३ मध्ये २८ टक्के झाले.

आणि दहा वर्षांपूर्वीशी तुलना करता येते अशा देशांत वाचन लक्षणीय सुधारलेले देश फक्त दोन, फिनलंड आणि डेन्मार्क. बाकीचे जिथल्या तिथे किंवा घसरलेले. दक्षिण कोरिया २७३ वरून २४९ वर आला. पंचविशी-तिशीतले जवळपास सत्तर टक्के लोक जिथे पदवीधर आहेत तो हा देश. पदवी माणसाला मिळाली की ती कायमची त्याची असते, वाचणं तसं राहत नाही. ते सायकलसारखं आहे असं आपण म्हणतो, एकदा आलं की आलं. आकडे म्हणतात, ते पेटीवर बोटं फिरण्यासारखं आहे. रोजचा रियाझ सुटला की गेलं. यात वय वाढणं, स्थलांतरितांची भाषा, पाहणीतले बदल अशी इतर कारणंही मिसळली आहेत. पोलंडचे आकडे तर उत्तर देणाऱ्यांनी घाईघाईने प्रश्न उरकल्यामुळे जपून वाचावेत, असं अहवालातच नोंदवलं आहे. अशी नोंद दिसली की माझा उरलेल्या तीस देशांच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

पोर्तुगालची गोष्ट या सगळ्यात जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण पैसा, सहकार्य, प्रमाणपत्र आणि माप या चारही गोष्टी तिथे एकत्र येतात. २००५ मध्ये तिथल्या २५ ते ६४ वयाच्या लोकांपैकी साधारण चारात एकानेच बारावीपर्यंतचं शिक्षण पुरं केलं होतं. युरोपातल्या तळाच्या देशांत गणना होती. युरोपीय सामाजिक निधीच्या पैशावर त्यांनी ‘नव्या संधी’ नावाचा कार्यक्रम उभा केला. त्याचा गाभा होता आयुष्यात शिकलेलं ओळखून त्याला दाखला देणं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला पुन्हा शाळेच्या बाकावर कशाला बसवायचं? त्याने आपल्या कामाची, आयुष्याची कहाणी कागदपत्रांसह एका जाड फाइलमध्ये मांडायची, मार्गदर्शकाबरोबर महिनोन्‌महिने ती घडवायची, आणि शेवटी परीक्षकांपुढे बसून बोलायचं. फ्रान्समध्ये अनुभवाला दाखला देण्याची पद्धत आधीपासून होती. तिथलं पोर्तुगालने उचललं, आणि पुढे इतरांनी पोर्तुगालचं पाहिलं. सरकार बदललं, कार्यक्रम बंद पडला, २०१६-१७ मध्ये ‘क्वालिफिका’ नावाने परत आला. आज त्याच वयोगटात साधारण पाचात तीन जणांकडे बारावीचा दाखला आहे. वीसेक वर्षांत चारात एकवरून पाचात तीनवर येणं म्हणजे थोडी मजल नव्हे.

आणि पियाकमध्ये पोर्तुगालला वाचनात गुण किती? २३५. चिलेच्या वर, सरासरीच्या २५ गुण खाली.

या दोन आकड्यांवरून तिथे वाद पेटणं साहजिक होतं. दाखले फुकट वाटले, असं म्हणायला हा आकडा सोयीचा आहे. मला तो निष्कर्ष उथळ वाटतो. तिथल्या पंचावन्नच्या पुढच्या पिढीतल्या अनेकांनी लहानपणी चारच वर्षांची शाळा पाहिली आहे आणि सरासरी तीच खाली ओढते. तरुणांचे गुण बरेच बरे आहेत. ज्या सुताराला पन्नाशीत दाखला मिळाला, त्याला बढती मिळाली असेल, मुलाच्या अभ्यासाशेजारी बसायचं धैर्य आलं असेल. ते वाचनाच्या गुणांत दिसणार नाही. पण हेही खरं की दाखला म्हणजे वाचन नव्हे, हे युरोपाच्या पैशाने उभारलेल्या कार्यक्रमाला दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय तराजूने स्वच्छ दाखवून दिलं. पोर्तुगाल एकटाच असता तर ‘पाचात तीन’वर फटाके वाजले असते.

युरोपीय संघाच्या स्वतःच्या हिशेबातही अशी गंमत आहे. २०२० पर्यंत प्रौढांपैकी १५ टक्के लोक, मागच्या चार आठवड्यांत काहीतरी शिकलेले, असावेत असं लक्ष्य होतं. गाठलं ९.२ टक्के. कोविडचं वर्ष होतं हे खरं, पण आदल्या वर्षीही अकराच्या आसपासच होते. मग लक्ष्य बदललं. आता विचारतात मागच्या बारा महिन्यांबद्दल, आणि म्हणतात २०२५ पर्यंत ४७ टक्के, २०३० पर्यंत ६० टक्के. २०२२ मध्ये आकडा ३९.५ टक्के होता. चार आठवड्यांची वाटी घेतली तर बारा टक्के, वर्षाचं पातेलं घेतलं तर चाळीस, धान्य तेच.

त्या संघाचा प्रौढ शिक्षणाचा सहकार्य कार्यक्रम पूर्वी ग्रुंडविग या डॅनिश धर्मोपदेशकाच्या नावाने चालायचा. त्याच्या प्रेरणेने १८४४ मध्ये रोडिंग इथे पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी हिवाळ्यात येऊन राहायचं, गाणी, इतिहास, चर्चा, आणि परीक्षा अजिबात नाही. त्याच्या नावाने मिळणाऱ्या अनुदानासाठी पुढे पानंच्या पानं अहवाल भरावे लागले, हे त्याला सांगितलं असतं तर त्याने काय केलं असतं कोण जाणे. २०१४ पासून हे सगळं ‘इरास्मस प्लस’मध्ये गेलं. त्याचं २०२१ ते २७ चं अंदाजपत्रक सुमारे २६ अब्ज युरोंचं. शिक्षणाच्या ८३ टक्के वाट्यातला किमान ५.८ टक्के प्रौढांसाठी, म्हणजे सात वर्षांत सव्वा अब्ज युरोंच्या आसपास. विद्यापीठांच्या वाट्याशी तुलना केली तर हे ताटातलं लोणचं. पण २०२१ पासून लहान संस्थांसाठी ३० किंवा ६० हजार युरोंची ठोक रक्कम देणारी छोटी भागीदारी सुरू झाली. एखाद्या गावच्या वाचनालयाने दुसऱ्या देशातल्या रात्रवर्गाशी जोडून घ्यायला एवढं पुरतं. शिकवणारा आठवडाभर दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून येतो, हा त्यातला सगळ्यांत स्वस्त आणि मला वाटतं सगळ्यांत टिकाऊ भाग.

पैशाशिवायही पद्धती देशांच्या सीमा ओलांडतात. क्युबाच्या लिओनेला रेलिस यांनी २००१ मध्ये बसवलेली ‘यो सी पुएदो’ पद्धत, अर्थ ‘हो, मला जमतं’, सुमारे तीस देशांत गेली. चित्रफितींवरचे पासष्ट धडे आणि एक साधी युक्ती: प्रत्येक अक्षराला एक आकडा जोडायचा. निरक्षर प्रौढाला अक्षर परकं असतं, आकडा नसतो. बाजार, मजुरी, बसचा नंबर, मोबाइल यांतून तो आधीच घरचा झालेला असतो. परक्याची ओळख घरच्या माणसाने करून द्यावी तसं. बिलावरचा ८२० सहज वाचणाऱ्या मावशी आठवल्या की या युक्तीचं मोल कळतं. २००६ मध्ये युनेस्कोचा राजा सेजोंग साक्षरता पुरस्कार या कामाला मिळाला. या पद्धतीने किती लाख शिकले ते आकडे मोठे आहेत. बाहेरच्याने तटस्थपणे मोजलेले आकडे मात्र त्यामानाने थोडे.

अडचण इथेच आहे. जगात आजही सुमारे ७४ कोटी तरुण आणि प्रौढांना वाचता-लिहिता येत नाही आणि त्यांत जवळपास दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. ते राहतात तिथे चांगला तराजू नाही, आणि चांगला तराजू आहे तो श्रीमंत देशांच्या आठवडी बाजारात. पियाकची परीक्षा आता टॅबलेटवर होते, तिचे प्रश्न बालवाडी, ग्रंथालय, संकेतस्थळ असं जग गृहीत धरतात. गरीब देशांसाठी युनेस्कोने २००३ मध्ये वेगळं माप सुरू केलं होतं, ‘लॅम्प’ नावाचं. जॉर्डन, मंगोलिया, पॅलेस्टाइन, पराग्वे इथे ते पूर्ण झालं. पुढे वात विझली. मोजणी महाग, आणि निकाल सरकारांना गैरसोयीचा.

भारत पियाकमध्ये कधी उतरला नाही. आपल्याकडे मोजण्याची अक्कल नाही असं तर कुणी म्हणूच शकत नाही. ‘प्रथम’ने २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांना एक परिच्छेद वाचायला देणारी ‘असर’ची चाचणी चालवली आणि केनिया, टांझानिया, युगांडाने ती उचलून ‘उवेझो’ केली. मापाची ही निर्यात मुंबईत जन्मलेल्या संस्थेने केली. फक्त ते माप मुलांसाठी आहे. प्रौढांच्या बाबतीत आपण उलट्या दिशेला चाललो आहोत. ऑगस्ट २०२४ मध्ये शिक्षण मंत्रालयाने कळवलं की ९५ टक्के साक्षरता म्हणजे पूर्ण साक्षर. त्याआधी जूनमध्ये लडाख, पुढे मे २०२५ मध्ये मिझोराम, आणि ३० मे रोजी, घटक राज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. गोव्याचं कौतुक करायलाच हवं. पण तिथल्या शंभर साक्षरांपैकी किती जणांना बिलावरचा योग्य रकाना सापडतो, हे ९५ टक्क्यांच्या व्याख्येतून कळत नाही. व्याख्येत संख्याज्ञान, डिजिटल आणि आर्थिक साक्षरता हे शब्द आहेत. दीडशे गुणांत ते कितीसे मावतील?

पियाकसाठी ओईसीडीचं सदस्यत्व लागत नाही. सिंगापूर सदस्य नसताना दोन्ही फेऱ्यांत आहे. देशभर करायची गरजही नाही. इंग्लंड आपल्यापुरता बसतो, बेल्जियमचा फ्लेमिश भाग आपल्यापुरता. महाराष्ट्राने आपल्यापुरतं, मराठीत, आपल्या बिलांच्या, रेशनकार्डाच्या, बियाण्याच्या पिशवीच्या, दवाखान्याच्या केसपेपरच्या प्रश्नांसह असं काही केलं, तर भाषांतर तपासायची, नमुना निवडायची, घाईने उरकलेली उत्तरं ओळखायची शिस्त तीस वर्षांच्या भांडणातून तयार झालेली आहे, ती नव्याने शोधावी लागणार नाही. गेल्या फेऱ्यात १ लाख ६० हजार माणसं ३१ ठिकाणी वाटली होती, म्हणजे जागेमागे पाच हजारांहून थोडी जास्त. पाच हजार घरं धरू. महाराष्ट्रात तालुके ३५८. तालुक्यामागे चौदा घरं येतात.